नेटार्ट्स खाडीतली हॅचरी: पाणी बिघडलं तेव्हा एका कुटुंबाने काय केलं

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात, टिलामुक शहराजवळ नेटार्ट्स नावाची एक लहान, उथळ खाडी आहे. तिला मोठी नदी मिळत नाही. भरतीला पॅसिफिक महासागराचं पाणी थेट आत येतं आणि ओहोटीला खाडीचा बराच भाग उघडा पडतो. या खाडीच्या काठावर व्हिस्की क्रीक ही कालवांची (ऑयस्टरची) हॅचरी, म्हणजे त्यांची पिल्लं जन्माला घालून वाढवायची जागा, 1970च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. स्यू कड आणि त्यांचे पती मार्क वीगार्ड्ट यांचा हा घरचा धंदा. 2007 ते 2009 या काळात तो बंद पडायच्या बेतात होता. टाक्यांमधलं कालवांचं बी, म्हणजे ही पिल्लं, मरत होतं आणि ते का मरतंय हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

समुद्राच्या वाढत्या आम्लतेचा फटका एखाद्या चालू धंद्याला थेट बसल्याचं हे जगातल्या सुरुवातीच्या ठळक उदाहरणांपैकी एक. त्यामुळे शास्त्रज्ञांनी त्यावर भरपूर लिहिलं आहे. धंद्याच्या अंगाने मात्र ते फारसं वाचलं जात नाही, आणि मला तीच बाजू मोलाची वाटते. मासळीच्या धंद्यात शाश्वतता म्हटलं की पाकिटावरचं प्रमाणपत्राचं चिन्ह दाखवलं जातं. इथे असं कुठलंच चिन्ह नव्हतं. आपल्या टाकीत येणारं पाणी रोज मोजायचं, आपलं नुकसान चारचौघांत उघड करायचं आणि त्यावरून कामाची पद्धत बदलायची, एवढाच या घराने धरलेला मार्ग. तो धरायला किती धीर लागतो, हे ज्यांनी घरचा धंदा पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

बी विकणारं घर

आधी हा धंदा समजून घ्यावा लागेल. पॅसिफिक कालव मुळात जपानकडचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आलं, आणि पुढे कित्येक वर्षं त्याचं बी जपानहून बोटीने येत असे. तिथल्या थंड पाण्यात ही कालवं वाढतात छान, पण आपोआप बी धरणाऱ्या जागा थोड्याच. वॉशिंग्टन राज्यातली विलापा खाडी त्यांपैकी एक. बाकीच्या उत्पादकांना बी विकत घ्यावं लागतं आणि ते मोजक्या हॅचऱ्यांमधून येतं. मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या हॅचऱ्या आहेत. ज्यांच्याकडे तशी सोय नाही, अशा लहान-मध्यम उत्पादकांपैकी बहुसंख्य जण व्हिस्की क्रीकवर अवलंबून होते. म्हणजे हॅचरी एका कुटुंबाची, पण तिच्यावर चुली पेटत होत्या अनेक कुटुंबांच्या.

हॅचरीतलं काम असं चालतं. निवडलेली मोठी कालवं उबदार पाण्यात ठेवून त्यांना अंडी आणि शुक्राणू सोडायला लावतात. फलित अंड्यातून पहिल्या दीड-दोन दिवसांत इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचं चिमुकलं कवच तयार होतं. मग दोन ते तीन आठवडे हे जीव पोहत राहतात आणि हॅचरीतच वाढवलेलं सूक्ष्म शेवाळ खातात. दर थोड्या दिवसांनी टाकी उपसायची, सगळं पाणी बारीक चाळण्यांमधून काढायचं, चाळणीवर राहिलेला माल सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. उघड्या डोळ्यांना तो भुऱ्या रंगाच्या बारीक रेतीसारखा दिसतो. भिंगाखाली मात्र प्रत्येक कणाचं कवच, आतलं शेवाळाने भरलेलं पोट आणि पोहण्यासाठी सतत हलणारे केस दिसतात. जीव निरोगी असेल तर पोट भरलेलं असतं. खाणं थांबलं की पोट रिकामं दिसतं, पोहणं मंदावतं आणि माल तळाशी बसू लागतो.

सगळं नीट पार पडलं तर शेवटी प्रत्येक जिवाला डोळ्यासारखा एक काळा ठिपका आणि छोटा पाय फुटतो. म्हणजे आता त्याला कशावर तरी चिकटायचं आहे. या टप्प्यावर माल ओल्या कापडात गुंडाळून थंड खोक्यातून रवाना करतात. मुठीत मावेल एवढ्या गोळ्यात दशलक्षांनी जीव असतात. उत्पादक तो गोळा आपल्या टाकीत सोडतो, टाकीत जुन्या कालवांच्या शिंपा भरलेल्या असतात, त्यांवर हे जीव चिकटतात. तिथून बाजारात जायला आणखी दोन-तीन वर्षं लागतात.

हे वेळापत्रक लक्षात ठेवायला हवं. बी आज मेलं तर उत्पादकाची खाडी रिकामी दिसते ती दोन-तीन वर्षांनी. तोवर तो जुनाच माल विकत असतो आणि बाहेरच्यांना सगळं सुरळीत वाटतं. संकट सर्वांत आधी दिसतं ते चाळणीवर उभ्या असलेल्या माणसाला.

मरतूक

2007च्या उन्हाळ्यात टाक्यांमागून टाक्या मरू लागल्या. 2008 त्याहून वाईट गेलं. वाईट काळात हॅचरीचं उत्पादन सत्तर-ऐंशी टक्क्यांनी घसरलं. हॅचरीत थोडी मरतूक ही रोजचीच गोष्ट, त्यामुळे सुरुवातीला शंका गेली ती नेहमीच्या शत्रूकडे: व्हिब्रिओ ट्युबिआशी नावाच्या जिवाणूकडे. हा जिवाणू शिंपल्यांच्या पिल्लांचा काळच असतो, आणि त्या वर्षांमध्ये तो पाण्यात खरोखरच भरपूर होता. निदान चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही, ते अर्धं होतं. पाणी गाळून निर्जंतुक करण्यासाठी कुटुंबाने मोठा खर्च केला, यंत्रणा बसवली. जिवाणू आटोक्यात आला. तरीही बी मरतच राहिलं.

घरच्या धंद्यात हा टप्पा सगळ्यांत अवघड असतो. पैसा ओतून झालेला असतो, केलेला उपाय कागदावर बरोबर असतो आणि टाकीत मात्र फरक नसतो. अशा वेळी दोन गोष्टी सहज घडतात. एक तर त्याच उपायावर आणखी पैसा लावला जातो. नाहीतर धंदाच वाईट म्हणून तो गुंडाळला जातो. बातमी बाहेर जाऊ द्यायची नाही हे दोन्हीकडे सारखंच, कारण बी विकणाऱ्याचं बी मरतंय हे गिऱ्हाइकाला कळलं तर तो दुसरं दार शोधणार.

स्यू कड आणि त्यांच्या माणसांनी यातलं काहीच केलं नाही. ॲलन बार्टन हे हॅचरीत काम करणारे जीवशास्त्रज्ञ. टाक्या कधी मरतात आणि त्या दिवसांत बाहेर समुद्रात काय चाललेलं असतं, याचा मेळ लावायचा प्रयत्न सुरू झाला. मरतुकीचं उत्तरेच्या वाऱ्याशी काहीतरी नातं दिसत होतं.

वारा, तळाचं पाणी आणि उशिरा दिसणारी इजा

ऑरेगनचा किनारा दक्षिणोत्तर पसरलेला. उन्हाळ्यात तिथे उत्तरेकडून वारे वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे हे वारे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राकडे ढकलतात. त्याची जागा भरायला खालचं थंड पाणी वर येतं. या पाण्यात पोषक द्रव्यं भरपूर असतात, म्हणूनच हा किनारा मासळीने समृद्ध आहे. पण ते कित्येक वर्षं अंधारात असतं, वरून पडणारे मृत जीव त्यात कुजत असतात, आणि त्यामुळे त्यात कार्बन डायऑक्साइडही खूप साठलेला असतो. हे निसर्गाचं जुनं चक्र आहे. नवी भर माणसाची. समुद्र आपल्या धुरातला साधारण चौथा हिस्सा कार्बन डायऑक्साइड शोषतो, आणि औद्योगिक युगापासून समुद्राच्या वरच्या पाण्याची आम्लता सुमारे तीस टक्क्यांनी वाढली आहे. जुन्या ओझ्यावर ही भर पडली की पाणी अशा पातळीला पोहोचतं जिथे कोवळं कवच तयार होणंच कठीण होऊन बसतं.

योगायोग म्हणा, पण नेमक्या त्याच काळात अमेरिकेच्या सागर आणि वातावरणविषयक संस्थेतले, म्हणजे नोआतले रिचर्ड फीली हे शास्त्रज्ञ हेच पाणी शोधत होते. 2007च्या मे-जूनमध्ये त्यांच्या चमूने कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत किनाऱ्यालगत जहाजावरून मोजमापं घेतली. कवचाला घातक असलेलं पाणी किनाऱ्याजवळच्या उथळ भागात आलेलं आहे, काही ठिकाणी तर थेट पृष्ठभागापर्यंत, असं त्यांना आढळलं. 2008मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. त्यातला एक मुद्दा मला आजही अस्वस्थ करतो. जे पाणी आज वर येतंय ते हवेच्या संपर्कात शेवटचं आलं सुमारे पन्नास वर्षांपूर्वी. त्यानंतरच्या दशकांत आपण जो धूर सोडला त्याचं पाणी अजून वाटेत आहे.

हॅचरीतली निरीक्षणं आणि जहाजावरची मोजमापं एकत्र आली. ऑरेगन स्टेट विद्यापीठातले बर्क हेल्स, ख्रिस लँग्डन, जॉर्ज वॉल्डबसर कामाला लागले. 2009च्या उन्हाळ्यात हॅचरीच्या पाण्याच्या नोंदी घेतल्या गेल्या. खाडीच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त), 7.6 ते 8.2 यांदरम्यान वरखाली होत होता. कोवळं कवच ॲरागोनाइट या चुनखडीच्या रूपाचं बनतं, ते बनायला लागणाऱ्या घटकांचं पाण्यातलं प्रमाण कधी पुरेसं होतं, तर कधी इतकं खाली जात होतं की कवच विरघळायला लागावं. बार्टन, हेल्स, वॉल्डबसर, लँग्डन आणि फीली यांचा शोधनिबंध 2012मध्ये आला. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा: अंड्यातून निघाल्यावरचे पहिले 48 तास पाणी कसं होतं यावर पुढचं सगळं ठरतं.

मरतूक इतके दिवस का उलगडली नाही याचंही उत्तर यात आहे. त्या पहिल्या दोन दिवसांत जिवाला तोंड नीट फुटलेलं नसतं, अंड्यातून मिळालेल्या शिदोरीवरच तो कवच बांधतो आणि तेही प्रचंड घाईने. पाणी प्रतिकूल असेल तर सगळी शिदोरी कवचावर खर्च होते. जीव लगेच मरत नाही. सुरुवातीची वाढही बरी दिसते. मग आठवड्या-दोन आठवड्यांनी, जेव्हा टाकीतलं पाणी कदाचित उत्तम असतं, तेव्हा वाढ खुंटते आणि तो मरतो. आज मेलेल्या टाकीचं कारण आजच्या पाण्यात शोधणाऱ्याला ते सापडणारच नाही. ते सापडायचं तर कुठली टाकी कोणत्या दिवशी भरली, त्या दिवशी वारा कसा होता, पाणी किती थंड होतं हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं.

काय बदललं

उपाय ऐकायला साधे आहेत. पहिला उपाय वेळेचा. खाडीत सागरी गवत आणि सूक्ष्म शेवाळ आहे. दिवसा ऊन असताना ते कार्बन डायऑक्साइड वापरतं, त्यामुळे दुपारनंतर पाणी कवचाला अनुकूल होतं. रात्रभर श्वसन चालू राहतं आणि पहाटे पाणी सर्वांत वाईट असतं. मग टाक्या भरायच्या त्या दुपारनंतर. एवढ्या बदलासाठी एकही यंत्र लागलं नाही. लागली ती आपली वर्षानुवर्षांची कामाची वेळ बदलायची तयारी.

दुसरा उपाय पाण्यावर प्रक्रिया करण्याचा. आत येणाऱ्या पाण्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपण ज्याला धुण्याचा सोडा म्हणतो तोच, मोजून मिसळायचा. त्याने आम्लता कमी होते आणि कवचासाठी लागणारं कार्बोनेट वाढतं. पण ‘मोजून’ या शब्दात सगळं आहे. किती मिसळायचं हे त्या तासाच्या पाण्यावर ठरतं, म्हणून पाणी सतत मोजणारी यंत्रणा हवी. हेल्स यांनी बनवलेलं असं एक यंत्र तिथे बसलं. त्याला सगळे प्रेमाने ‘बर्कोलेटर’ म्हणू लागले, आणि पुढे किनाऱ्यावरच्या इतर हॅचऱ्यांतही तशी यंत्रं गेली.

उत्पादन पुष्कळसं परत आलं. पूर्ण पूर्वीसारखं लगेच झालं नाही, आणि खर्च कायमचा वाढला. रोजचं मोजमाप, सोडा, माणसं हे आता धंद्याच्या हिशेबात कायमचं आहे. शाश्वततेवरच्या चर्चेत हा हिशेब वगळला जातो, ते मला पटत नाही. लहान घराला हा बोजा उचलता आला त्यात विद्यापीठाचा वाटा होता, सरकारी पैशाचा होता, आणि आपलं नुकसान आधी उघड केल्यामुळेच ते दोन्ही मिळाले.

हॅचरीचं दार शास्त्रज्ञांना उघडलं गेलं, मेलेल्या टाक्यांचे आकडे दिले गेले, स्यू कड वर्तमानपत्रांशी, उत्पादकांशी, सरकारी लोकांशी मोकळेपणी बोलत राहिल्या. माझ्या मते या प्रकरणातला खरा धंदेवाईक निर्णय हा होता. सोडा कुणीही मिसळला असता. आपल्या बियाण्याची मरतूक जाहीरपणे मांडणं हे घरच्या धंद्याच्या रक्तात नसतं. इथे एक गोष्ट कामी आली: चाळणी हातात घेणारी व्यक्ती आणि निर्णय घेणारी व्यक्ती एकच होती. वाईट बातमीला वरपर्यंत जायला पायऱ्याच नव्हत्या.

खाडीपासून राजधानीपर्यंत

हॅचरीची अडचण हॅचरीपुरती राहिली नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या डॅबॉब खाडीतल्या टेलर शेलफिश या मोठ्या कौटुंबिक कंपनीच्या हॅचरीतही मरतूक झाली होती. विलापा खाडीत 2005नंतर बरीच वर्षं नैसर्गिक बी धरलंच नाही. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या शिंपला उत्पादकांच्या संघटनेच्या कार्यकारी संचालक त्या काळात रॉबिन डाउनी होत्या. एका घराचं दुखणं सगळ्या धंद्याचं म्हणून मांडायचं काम या संघटनेने केलं. वॉशिंग्टनच्या सिनेटर मारिया कँटवेल यांनी 2010मध्ये पाणी मोजणाऱ्या यंत्रणेसाठी 5 लाख डॉलरचा केंद्रीय निधी मिळवून दिला. त्या वेळी नोआच्या प्रमुखपदी जेन लुबचेंको होत्या, स्वतः ऑरेगन स्टेट विद्यापीठातल्या सागरी परिसंस्थेच्या अभ्यासक. आणि 2012मध्ये वॉशिंग्टनच्या गव्हर्नर क्रिस्टीन ग्रेगवार यांनी समुद्राच्या आम्लतेवर तज्ज्ञांची खास समिती नेमली. समितीने त्याच वर्षी 42 कृतींची यादी दिली. राज्यातल्या शिंपला-कालव धंद्याची उलाढाल वर्षाला सुमारे 27 कोटी डॉलर आणि त्यावर 3,200 रोजगार, हा आकडा तेव्हा सगळीकडे मांडला गेला.

या साखळीत बायका अनेक ठिकाणी दिसतात. पदांवर बायका होत्या म्हणून सगळं घडलं, असा निष्कर्ष मी काढणार नाही. फीली, हेल्स, बार्टन यांच्याशिवाय निदानच झालं नसतं. पण हॅचरीतून निघालेली वाईट बातमी प्रत्येक पायरीवर कुणीतरी खरी मानली. पर्यावरणाच्या प्रश्नांत नेमकी हीच पायरी सुटते. धंदेवाला सांगतो, अधिकारी म्हणतो पुरावा आणा, आणि पुरावा गोळा होईपर्यंत धंदा बुडालेला असतो. इथे मोजायचं साधन आणि मोजायचा पैसा वेळेत पोहोचला.

दुसरं घर, दुसरी वाट

विलापा खाडीतच निस्बेट कुटुंबाची गूज पॉइंट ऑयस्टर ही कंपनी आहे. 1975मध्ये डेव्ह निस्बेट आणि त्यांच्या पत्नीने ती सुरू केली. बियाण्याचा तुटवडा पडला तसा या कुटुंबाने वेगळा निर्णय घेतला. त्यांनी हॅचरी काढली ती थेट हवाई बेटावर, हिलो इथे, जिथे जमिनीखालच्या खाऱ्या पाण्याचा भरवसा वाटत होता. तिथे बी तयार करायचं आणि विमानाने वॉशिंग्टनला आणून विलापा खाडीत वाढवायचं. त्यांची मुलगी कॅथलीन निस्बेट या पुढे कंपनीच्या व्यवस्थापनात आल्या. पुढच्या पिढीला हा धंदा करता येईल का, हा त्यांच्यासाठी चर्चेचा विषय नव्हता. ती पिढी त्या स्वतःच होत्या.

या दोन वाटा शेजारी ठेवून बघाव्यात. एका घराने जागा बदलली, दुसऱ्याने तिथेच राहून पाण्यावर काम केलं. निस्बेटांचा निर्णय कुटुंबाच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे, आणि भांडवल असेल तर तो बहुधा जास्त सुरक्षितही. पण त्या निर्णयातून शेजाऱ्याच्या हाती काही लागत नाही. नेटार्ट्समधल्या घराने जे शिकलं ते इतर हॅचऱ्यांना वापरता आलं. मला नेटार्ट्सची वाट जास्त मोलाची वाटते. तरी खरं सांगायचं तर दोन्ही वाटा फक्त टाकीतल्या पाण्यापुरत्या आहेत. टाकीत सोडा घालता येतो, खाडीत घालता येत नाही. बी एकदा खाडीत गेलं की ते समुद्राच्या हवाली. कालवांच्या रानटी जाती, खेकडे, शंखगोगलगायी यांच्यासाठी कुणी दुपारची वेळ निवडत नाही.

नोंदीत कोण दिसतं

2012च्या शोधनिबंधावर पाच नावं आहेत आणि पाचही पुरुषांची. त्यांच्या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे, शिवाय बार्टन हे हॅचरीचेच माणूस, त्यामुळे धंद्याचं नाव त्यात आलं ही चांगलीच गोष्ट. तरी ज्या घराने टाक्या, आकडे आणि धंद्याची अब्रू पणाला लावली, त्या घरातल्या बाईचं काम शास्त्राच्या नोंदीत लेखकाच्या रांगेत येत नाही. ते पत्रकारांच्या लेखांतून, सभांतून, मुलाखतींतून गोळा करावं लागतं.

हे चित्र फक्त ऑरेगनचं नाही. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या 2022च्या अहवालानुसार मासेमारी आणि मत्स्यपालनाच्या प्राथमिक कामांत बायकांचा वाटा सुमारे 21 टक्के, आणि मासळी पकडून आणल्यानंतरच्या कामांत, म्हणजे साफसफाई, प्रक्रिया, विक्री यांत सुमारे निम्मा. होडी आणि परवाना ज्याच्या नावावर, धंदा त्याचा समजला जातो. आपल्या कोळीवाड्यांत हे वेगळं सांगावं लागत नाही. होडी तांडेलाची असते, पण मासळी पाटीत पडल्यापासून भाव, उधारी, बर्फ, वाटा हा सगळा व्यवहार बाईच्या हातात असतो. कुठली मासळी कमी येते, कुठली लहान येते हे तिला आधी कळतं. तरी मासळीचे आकडे गोळा करायला येणारा माणूस विचारतो ते होडीवाल्याला.

कोकणच्या खाड्यांसाठी

हा विषय आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही खालचं, प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याच्या उथळ भागात चढतं. गोव्यासमोरच्या समुद्रात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाशी प्राणवायू जवळजवळ संपतो. दोना पावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोरच्या एका ठिकाणी 1990च्या दशकापासून याची मोजमापं करते आहे. प्राणवायू संपतो तो कुजण्यात, आणि कुजण्यातूनच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे प्रक्रिया त्याच घराण्यातली. कोकणात त्याच्या जोडीला पावसाळ्यात खाडीत उतरणारं गोडं पाणी आहे. क्षारता एकदम खाली गेली की कालवं मरतात, हे खाडीत उतरणाऱ्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही.

महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेतून 2017पासून किनाऱ्यावरच्या गटांना खेकडेपालन, कालवं, शिणाणे (हिरवे शिंपले) यांच्या पालनासाठी मदत मिळते. सिंधुदुर्गात त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पातून अशी कामं सुरू झाली होती. या गटांमध्ये बायका मोठ्या संख्येने आहेत. कालवांचं बी बहुतेक खाडीतूनच गोळा होतं, म्हणजे ते मेलं तर का मेलं हे सांगणारी हॅचरीही मध्ये नाही.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते, आणि ती खर्चाची नाही. कालवं वाढवायला तराफे आणि दोर देताना गटाला एक तापमापक, क्षारता मोजायचं साधं भिंग आणि एक पीएच मीटरही द्यावा. पीएच मीटर सगळं सांगत नाही, त्यासाठी पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जावे लागतात. पण ठरलेल्या दिवशी, भरतीच्या ठरलेल्या वेळी घेतलेला आकडा, त्या दिवशीचा वारा-पाऊस आणि दोरावर मेलेल्या कालवांची संख्या एवढं एका वहीत दोन पावसाळे लिहिलं गेलं, तर रत्नागिरीतल्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाला किंवा दोना पावल्याच्या संस्थेला कामाला लागण्यापुरतं साहित्य मिळेल. आज ते कुणाकडेच नसतं, म्हणून मरतूक झाली की नुकसानीचा पंचनामा होतो आणि कारणाच्या रकान्यात ‘नैसर्गिक’ असं लिहून कागद पुढे जातो. वही गटाच्या नावाची असावी, तिची प्रत गटाकडे राहावी, आणि त्या आकड्यांवरून पुढे कुणी काही छापलं तर लेखकांच्या यादीत गटाचं नाव घालायचं हे आकडे देतानाच लिहून घ्यावं.